चालत्या घराची मांडणी

अमेरिकेत मुलगा किंवा मुलगी असलेल्या घरांतून एप्रिल उजाडला की ओळखीची धावपळ सुरू होते. तिकिटे, विम्याचे कागद, घरचा गरम मसाला, नातवंडांसाठी शेवया. तिकडे पोहोचून चार दिवस झाले की मुले सांगतात, या सुट्टीत हॉटेलात उतरायचे नाही, ट्रेलर भाड्याने घ्यायचा. आमच्याकडेही गेल्या वर्षी असेच झाले. लेक-जावई फिनिक्सला असतात. ते, दोन नातवंडे आणि आम्ही दोघे असे सहा जण सहा दिवस ग्रँड कॅन्यनला जाऊन आलो. यंदा जाणाऱ्या काही ओळखीच्या भगिनींनी विचारले, सोबत काय काय न्यायचे? काय न्यायचे ते त्यांना आमच्याहून चांगले कळते. पण ते आत कुठे आणि कसे ठेवायचे, यावर सगळी सफर अवलंबून असते, आणि ते कुणी सांगत नाही. म्हणून या महिन्याचे पान त्यासाठी.

ज्यांनी ट्रेलर पाहिला नाही त्यांच्यासाठी आधी थोडे सांगतो. ट्रेलर म्हणजे चाकांवरची बंदिस्त खोली. तिला इंजिन नसते. पिकअप ट्रकसारख्या दणकट गाडीच्या मागे जोडून ती ओढत न्यायची. आमची २२ फुटी होती. पुढे मोठा पलंग, मध्ये बसायची जागा आणि छोटा ओटा, मागे मुलांचे एकावर एक दोन बंक आणि कोपऱ्यात न्हाणी-शौचालय. बसायच्या जागेचे टेबल खाली केले की रात्री तिथेही बिछाना होतो. आपल्या कुटुंबांना ही सोय का भावते हे उघड आहे. हलाल जेवण गावोगाव शोधत बसावे लागत नाही, वजूला पाणी हाताशी असते, रस्त्याकडेच्या शौचालयात नुसत्या कागदाशी तडजोड करावी लागत नाही.

अडचण एवढीच, की ती घरासारखी दिसते म्हणून आपण ती घरासारखी भरतो. घर लावताना दोन गोष्टी पाहिल्या की भागते: जागा कुठे रिकामी आहे आणि हाताशी काय हवे. चालत्या घरात त्याच्याही आधी पाहायचे, की वजन कुठे पडते.

जुन्या पिढीतला बैलगाडी भरणारा माणूस हे न सांगता जाणत असे. पोती मागे जास्त झाली की गाडी उलाळ होते. मागून खाली बसते, पुढून जू वर उचलते आणि बैलांच्या गळ्याला जोते आवळते. पुढे जास्त भरली तर सारा भार त्यांच्या मानेवर. म्हणून मुख्य ओझे चाकांच्या आसावर घेऊन गाडी किंचित पुढे झुकती भरायची. ट्रेलरचे गणित हेच आहे, फक्त बैलांच्या जागी ट्रक आणि जुवाच्या जागी हिच नावाचा लोखंडी सांधा. भरलेल्या ट्रेलरच्या एकूण वजनापैकी १० ते १५ टक्के भार त्या सांध्यावर पडला पाहिजे. म्हणजे ट्रेलर भरून २००० किलो होत असेल तर सांध्यावर २०० ते ३०० किलो. त्याहून जास्त झाला तर ट्रकचा मागचा भाग दबतो, पुढची चाके हलकी होतात आणि वळवताना, थांबवताना ट्रक नीट ऐकत नाही. कमी झाला तर गाडी उलाळ, आणि हा प्रकार जास्त वाईट. वेगात किंवा उतारावर ट्रेलर शेपटीसारखा डावी-उजवीकडे झुलू लागतो. झोका वाढत गेला तर तो पुढच्या गाडीलाही फरपटवतो आणि दोन्ही उलटू शकतात. त्या गाडीत आपली नातवंडे बसलेली असतात.

तसे झुलणे सुरू झालेच, तर गाडीचा ब्रेक जोरात दाबायचा नाही आणि स्टिअरिंग उलटसुलट फिरवायचे नाही. ॲक्सिलरेटरवरचा पाय काढायचा, स्टिअरिंग सरळ धरायचे आणि ट्रेलरचा वेगळा ब्रेक हाताने हळूच लावायचा. त्या ब्रेकचे बटण चालकाच्या जवळ असते. ते नेमके कुठे आहे आणि कसे चालते, हे ट्रेलर ताब्यात घेतानाच विचारून घ्यावे. आमच्या मते हा प्रश्न चालकाने विचारला नाही तर घरातल्या कुणीही विचारावा, संकोच करू नये.

आता सगळ्या कुटुंबांचा पाय जिथे घसरतो ती जागा, म्हणजे मुलांचे मागचे बंक. दिवसा ते रिकामे असतात, त्यामुळे नजर तिथेच जाते. आमच्या जावयांनीही निघायच्या सकाळी तिथे पाण्याच्या बाटल्यांचे चार गठ्ठे ठेवले होते. अर्ध्या लिटरच्या २४ बाटल्यांचा एक गठ्ठा १२ किलोचा, म्हणजे चारांचे जवळजवळ ५० किलो. त्यावर तांदळाची पिशवी आणि मुलांची दप्तरे. ट्रेलर देणारे म्हातारे गृहस्थ सांधा जोडून झाल्यावर एकदा आत डोकावले आणि काही न बोलता एक गठ्ठा उचलून पुढे आणू लागले. मग त्यांनी हिशेब सांगितला. सांधा चाकांच्या पुढे चार मीटरवर असेल आणि ५० किलो चाकांच्या मागे दोन मीटरवर ठेवले, तर सांध्यावरचा भार २५ किलोने उचलला जातो. सी-सॉवर बसलेल्या मुलांना हे लगेच कळते, असे म्हणून त्यांनी नातवाकडे पाहिले. बाटल्या मध्ये, जमिनीवर, चाकांच्या किंचित पुढे आल्या. मागच्या बंकवर उशा आणि रजया तेवढ्या राहिल्या.

चाके नेमकी कुठे आहेत हे आत उभे राहून कळत नाही. बाहेरून पाहून आत जमिनीवर खूण करून घ्यावी. रंगकाम करणारे वापरतात ती निळी चिकटपट्टी यासाठी चांगली. काढल्यावर डाग राहत नाही. जड ते सगळे त्या खुणेजवळ आणि खाली, डाव्या-उजव्या बाजूंना सारखे वाटून. मुलांच्या सायकली ट्रेलरच्या पाठीला टांगण्याचा मोह होतो. तो आवरलेलाच बरा.

किती वजन भरायचे, याचे उत्तर दारावरच असते. अमेरिकेतल्या ट्रेलरच्या दारापाशी एक पिवळी पट्टी चिकटवलेली असते. सामानाचे वजन किती किलोपेक्षा जास्त नसावे, हे तिच्यावर छापलेले असते, आणि त्याखाली पाण्याची टाकी पूर्ण भरली तर त्यातले किती किलो पाणीच खाईल, हेही असते. हा दुसरा आकडा लोक वाचत नाहीत. तिकडचा एक गॅलन म्हणजे सुमारे ३.८ लिटर. ४० गॅलनची टाकी भरली की १५० किलो झाले. पट्टीवर ५०० किलोची मुभा असेल तर आता उरले ३५०, आणि सहा माणसांचे कपडे, भांडी, शिधा, खुर्च्या अजून चढायच्याच आहेत. त्यामुळे मुक्कामाला नळ आहे की नाही ते आधी पाहावे. ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण कड्यावर ‘ट्रेलर व्हिलेज’ नावाची जागा आहे, तिथे प्रत्येक ट्रेलरला वीज, पाणी आणि सांडपाण्याची जोडणी मिळते. जवळच्याच माथेर कॅम्पग्राउंडवर अशी जोडणी नसते आणि ३० फुटांहून लांब वाहन चालत नाही. जोडणी मिळणार असेल तर घरून टाकी भरून नेण्यात अर्थ नाही. वाटेत हात धुण्यापुरते आणि लोट्यापुरते पाणी पुरे. शंका असेल तर महामार्गावरच्या मोठ्या ट्रक थांब्यांवर वजनकाटे असतात. थोडे पैसे भरून ट्रेलर तोलून घेता येतो. आम्ही घेतला. त्या पावतीने जावयांना जी झोप लागली, ती आमच्या समजावण्याने लागली नसती.

ओट्याचे मात्र आम्ही जरा सविस्तर लिहिणार, कारण तो आमच्या ताब्यात होता. रस्ता कितीही गुळगुळीत असो, आतल्या वस्तूंना तासन्‌तास बारीक हादरे बसत असतात. मिसळणाचा डबा घरीच ठेवावा. त्याचे झाकण नुसते बसवलेले असते आणि वाट्या आत मोकळ्या. पहिल्याच वळणावर हळद जिऱ्यात आणि जिरे मोहरीत. मसाले फिरकीच्या झाकणाच्या छोट्या बरण्यांत भरून सगळ्या बरण्या एका खोलगट प्लास्टिकच्या टबात उभ्या ठेवाव्यात आणि मधल्या फटींत ओट्याची फडकी कोंबावीत. फडकी न्यायचीच असतात, ती अशी कामाला लागतात. काचेची भांडी नकोत. लोणच्याची बरणी न्यायचीच असेल तर ती लोकरीच्या मोज्यात घालून खालच्या कपाटात. कुकरची शिट्टी काढून आत ठेवावी, कुकरमध्ये डाळ-तांदळाच्या पुड्या भराव्यात आणि तो खाली, खुणेजवळ. तवा आणि पातेली शेगडीखालच्या ओव्हनमध्ये छान मावतात. टॉवेल कोंबून ती घट्ट करावीत, म्हणजे खडखड नाही. ओव्हन पेटवण्याआधी टॉवेल काढायची आठवण मात्र दारावर चिठ्ठी लावून ठेवावी. सुऱ्या कापडात गुंडाळून खणात. मायक्रोवेव्हमधली काचेची फिरती थाळी काढून रजईत, पलंगावर. गाडी हलायच्या आधी ओट्यावर आणि टेबलावर काही म्हणता काही नको, चहाचा कपसुद्धा नको.

वरच्या कपाटांत फक्त हलके. पाव, खारी, चिप्स, कागदी रुमाल, मुलांचे कपडे. गाडी थांबल्यावर वरचे दार उघडताना एक हात खाली धरायची सवय लावावी, कारण आतली वस्तू दाराला टेकून वाट पाहत असते. कपाटांत जमिनीवर घालायची रबरी जाळी मिळते, ती कापून घातली की वस्तू सरकत नाहीत. भाड्याच्या ट्रेलरमध्ये आपल्याला खिळा मारता येत नाही, आकडा चिकटवता येत नाही. दुसऱ्याची वस्तू आहे, अमानत आहे. त्यामुळे जे काही बांधायचे ते डाग न ठेवता बांधायचे. त्यासाठी स्प्रिंगच्या दांड्या, म्हणजे पडद्याला लावतो तशा दाबून बसवायच्या, फार उपयोगी. कपाटात वस्तूंच्या पुढे आडवी एक दांडी बसवली की दार उघडले तरी काही पडत नाही. फ्रिजमध्येही प्रत्येक कप्प्यासमोर अशीच एक आखूड दांडी.

फ्रिजबद्दल एवढेच, की तो आदल्या संध्याकाळी सुरू करावा आणि आत आधीच थंड झालेले सामान भरावे. मटण-चिकन घरी धुऊन, कापून, एकेका जेवणापुरत्या पिशव्या करून गोठवून न्यावे. त्याच पिशव्या बर्फाचे काम करतात. चालत्या गाडीत गॅस सिलिंडर बंद ठेवणे सुरक्षित, आणि दार उघडले नाही तर फ्रिज सुमारे चार तास थंडी धरून ठेवतो. म्हणून वाटेतला खाऊ आणि मुलांचे दूध फ्रिजमध्ये नको, पुढे गाडीत वेगळ्या पेटीत. दाराला कडी असते. ती लागल्याचा आवाज ऐकावा, नुसती पाहू नये.

फिनिक्स समुद्रसपाटीपासून साधारण ३३० मीटरवर आहे आणि फ्लॅगस्टाफ २१०० मीटरवर. मधला महामार्ग चढतो, व्हर्डी नदीच्या खोऱ्यात खोल उतरतो आणि पुन्हा चढतो. वर हवेचा दाब कमी, त्यामुळे खाली घट्ट बंद केलेल्या वस्तू फुगतात. चिप्सच्या पाकिटांचे फुगे होतात, त्याने कुणाचे काही बिघडत नाही, मुले खूश होतात. पण शॅम्पू, तेल आणि दह्याची झाकणे पाझरतात. तेलाची बाटली पूर्ण भरलेली आणि दुहेरी पिशवीत न्यावी. न्हाणीतल्या सगळ्या बाटल्या आणि रिकामा लोटा एका टबात घालून तो टब न्हाणीच्या जमिनीवर ठेवावा आणि न्हाणीचे दार बाहेरून अडकवावे.

कपड्यांसाठी चाकांच्या कडक बॅगा नकोत. त्या आत घरंगळतात आणि रिकाम्या झाल्या तरी तेवढीच जागा अडवतात. प्रत्येकाला एक मऊ पिशवी. जानमाज सगळ्यात वर, लगेच हाताला लागेल अशा. सहा जणांत दोघांना एका वेळी नमाज पढता येईल एवढी मोकळी जमीन हवी असेल, तर जमिनीवर मुक्कामी काही साठवायचे नाही हा नियम पहिल्या दिवसापासूनच करावा लागतो. कुरआन शरीफ कुठे ठेवायचे हा प्रश्न आमच्या घरात निघाला. घरी आपण ते सर्वांत उंच जागी ठेवतो, आणि इथे सर्वांत उंच जागा म्हणजे नेमकी ती कपाटे, जी हादऱ्याने उघडतात. लेकीने ते जुजदानात घालून पुढे गाडीत, तिच्या आसनाजवळच्या पिशवीत ठेवले आणि मुक्कामी पोहोचल्यावर वर ठेवले. आम्हाला ते पटले.

आणखी एक गोष्ट ठामपणे सांगावीशी वाटते. पलंग तयार आहे, नानीची पाठ दुखते, तर ती मागे ट्रेलरमध्ये पडून येईल, असा प्रेमाचा आग्रह होतो. कायदा प्रत्येक राज्याचा वेगळा आहे, आणि अनेक राज्यांत चालत्या ट्रेलरमध्ये बसणे मना आहे. पण कायदा काहीही म्हणो, ट्रेलरमध्ये माणूस बसवायचा नाही, लहान नाही आणि थोरही नाही. तिथे पट्टा नाही, आणि गाडी झुलू लागली तर वर सांगितलेले सगळे कुकर-तवे त्याच खोलीत आहेत. दर दीड तासाला थांबा घ्या, आजीला पाय मोकळे करू द्या, तिथेच चहा होऊ द्या.

आपल्याकडे २०२१ मध्ये महाराष्ट्र शासनाने कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. इथे भाड्याने मिळतात त्या बहुतेक इंजिनासकट एकसंध गाड्या, त्यामुळे सांध्याच्या भाराचा प्रश्न येत नाही. ओटा, कपाटे आणि फ्रिज यांबद्दलचे बाकी सगळे तसेच लागू पडते, आपले घाट पाहता जरा जास्तच.

निघण्याआधीची शेवटची फेरी कुणी मारायची, यावर बहुतेक घरांत गोंधळ असतो. बाहेरचे पुरुष पाहणार, आतले बाई पाहणार आणि दारापाशी दोघांनाही वाटणार की दुसऱ्याने पाहिले. आमच्याकडे लेकीने चांगली पद्धत पाडली होती. आतून निघणारी शेवटची व्यक्ती ती, आणि ट्रकची किल्ली तिच्याकडे. वरची कपाटे, खण, फ्रिजची कडी, न्हाणीचे दार, छताची खिडकी, नळ, सगळ्यांवर ती हात फिरवी. बाहेर येऊन जावयांसोबत सांधा, साखळ्या, दिव्यांची तार, वर केलेले जॅक आणि पायरी पाही, आणि मग किल्ली देई. ट्रेलरची एक बाजू खणासारखी बाहेर सरकणारी असेल तर ती आत घेताना कुणीतरी आत उभे राहून जमीन पाहिली पाहिजे. एखादी चप्पल किंवा खेळण्यातली मोटार अडकली की यंत्रणा मोडते आणि अनामत रक्कम जाते. पहिले वीस-पंचवीस किलोमीटर झाले की थांबून पुन्हा एकदा आत पाहावे. सामानाला आपली जागा सापडते ती तेवढ्यात.

मुक्कामी बाहेर खाणे ठेवू नये. ग्रँड कॅन्यनचे डोमकावळे पिशवीची चेनसुद्धा उघडतात आणि एल्क हरणे रात्री थेट ट्रेलरजवळ येतात. त्यांना खायला घालण्यास उद्यानात मनाई आहे. कितीही गोंडस दिसली तरी मुलांना जवळ जाऊ देऊ नये, ती चांगली घोड्याएवढी असतात.

परतताना सामान निम्म्याने कमी झालेले असते, म्हणून हलगर्जी होते. पण कमी झालेले असते ते खुणेजवळचेच, पाणी आणि शिधा. मागे मुलांनी जमवलेले असते ते वाढलेलेच असते. म्हणून मांडणी पुन्हा पहिल्यासारखीच पाहायची, सांडपाण्याच्या टाक्या ठरलेल्या जागी रिकाम्या करायच्या आणि मगच निघायचे. ट्रेलर घेताना आतून-बाहेरून मोबाइलवर चित्रण केले असेल, तसेच परत देताना करावे. ओरखडा जुना की नवा, हा वाद तिथेच मिटतो. ओटा पुसून, रबरी जाळ्या काढून, फ्रिज बंद करून त्याचे दार उघडे ठेवून द्यायचे, म्हणजे वास धरत नाही. दार उघडाल तेव्हा आतल्या स्प्रिंगच्या दांड्या काढून घ्या, त्या आपल्या असतात. आमच्या त्यातल्या चार लेकीच्या न्हाणीघरात पडद्याला लागल्या आहेत.